डोळे मिटलेला डबा

(सकाळची वेळ. कल्याणहून सीएसएमटीकडे निघालेली जलद लोकल, सेकंड क्लास.)

ठाणं गेलं. गर्दीतून वाट काढत एक आजोबा दोन सीटांच्या मध्ये येऊन उभे राहिले. वरच्या कडीला हात जेमतेम पोचतोय. आणि बरोबर त्याच क्षणी खिडकीजवळच्या माणसाला झोप लागली. शेजारच्याची मान मोबाइलमध्ये आणखी खाली गेली. कानात इअरफोन, गाणं चालू आहे की नाही, देव जाणे.

माणसं दुष्ट नाहीत ही. याच डब्यात रोजच्या ग्रुपमधला माणूस अर्ध्या वाटेत उठतो आणि उभ्या मित्राला बसवतो. आताही कुणी खांद्याला हात लावून ‘जरा आजोबांना बसू द्या’ म्हटलं, तर झोपलेला ताडकन उठेल. वर म्हणेल, ‘अहो, दिसलेच नाहीत!’

दिसले नाहीत, की पाहिलं नाही?

जेसन डेना, रॉबर्टो वेबर आणि जेसन कुआंग या संशोधकांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःला 6 डॉलर आणि समोरच्या अनोळखी माणसाला 1, किंवा दोघांनाही 5. काय घ्याल? 74 टक्के लोकांनी पाच-पाच घेतले. मग फक्त एक गोष्ट बदलली. समोरच्याच्या वाट्याला काय येणार, ते झाकून ठेवलं. 6 घेतले तर त्याचं नुकसान होईल किंवा फायदाही. एक बटण दाबलं की कळणार, तेही फुकट. 44 टक्के लोकांनी ते बटण दाबलंच नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणतात. मांजराला वाटतं, जग आपल्याला बघत नाही. इथे मात्र डोळे मिटतात ते स्वतःपासून लपायला.

आणि डोळे उघडेच राहिले तर? मग कारणं असतात. ‘कुर्ल्याला उतरणार असतील.’ ‘पलीकडचा तरुण आहे, तो उठेल.’ झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 मध्ये मांडलं होतं की माणूस मनाला येईल ते मानत नाही. मानायला पटण्याजोगं कारण लागतं. लोकलमध्ये कारणांचा तुटवडा कधीच नसतो.

घाटकोपर. कुर्ला. आजोबा अजून उभेच.

दादर जवळ आलं. गाडीचा वेग कमी होतो, आणि कुणीही न उठवता खिडकीजवळचा माणूस जागा होतो. बॅग खांद्याला अडकवतो, आजोबांना चुकवून दाराकडे सरकतो.