दोन मिथेन जोडायचे कसे?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई हायचा वायू समुद्रतळावरच्या नळातून उरणला येतो. त्यातला इथेन नागोठण्याला जातो, तिथे त्याचं इथिलीन आणि पुढे प्लॅस्टिक होतं. मिथेन मात्र थळला युरियासाठी खपतो, नाहीतर सरळ जाळला जातो, विजेसाठी, बसगाड्यांसाठी, आपल्या शेगडीवर. दोघांत फरक मुख्यतः एका कार्बनचा. मग दोन मिथेन जोडून इथिलीन का करू नये?

१९८२ साली अमेरिकेत जॉर्ज केलर आणि मदन भसीन यांनी हे होतं, असं दाखवलं. धातूच्या ऑक्साइडवरून त्यांनी आळीपाळीनं मिथेन आणि ऑक्सिजन सोडला. हा ऑक्साइड म्हणजे उत्प्रेरक, त्याच्या पृष्ठभागावर मिथेनचा एक हायड्रोजन सुटतो. उरलेला तुकडा, म्हणजे मिथिल, वायूत मोकळा होतो. असे दोन मिथिल भेटले की इथेन, आणि त्यातून हायड्रोजन निघाला की इथिलीन.

ऐकायला सोपं आहे. पण मिथेनचा तो पहिला बंध फार चिवट, मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूलचा. तो तोडायला ७०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. आणि खरी अडचण पुढेच आहे. तयार झालेलं इथिलीन मिथेनपेक्षा कितीतरी लवकर पेटतं. ज्या ऑक्सिजननं ते घडवलं तोच त्याचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतो! म्हणून एका फेरीत शंभरातले पंचवीस-तीस मिथेन कामी आले तरी पुष्कळ.

१९९३मध्ये चीनमधल्या दालियनच्या संशोधकांनी ऑक्सिजनच वगळला. झेडएसएम-५ या झिओलाइटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांच्या खनिजासारख्या पदार्थात, मॉलिब्डेनम हा धातू बसवून त्यांनी मिथेनपासून थेट सहा कार्बनांचं बेंझीन मिळवलं. ती छिद्रं जेमतेम बेंझीनच्या रेणूएवढी. कल्पना मला फार देखणी वाटते. पण थोड्याच वेळात कार्बनची पुटं चढतात, छिद्रं बुजतात आणि उत्प्रेरक थकतो.

आता भाताच्या खाचराकडे या. तिथल्या चिखलात मिथेनवर जगणारे जिवाणू असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं असे जिवाणू भातशेतीतून वेगळे केले आहेत. लोह किंवा तांबं असलेल्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, बळावर ते साध्या तापमानाला तोच चिवट बंध उघडून मिथेनचं मिथेनॉल करतात. कार्बनला कार्बन जोडण्याचं काम हे विकर करत नाही, हे खरं. तरीही भट्टीचे ८०० अंश खाली आणायचे असतील, तर त्या विकरातला धातू बंध नेमका कसा उघडतो, हे आधी शिकायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.