मॉडची साइट निवडताना

मॉड, म्हणजे गेममध्ये बदल किंवा भर घालणारी, सहसा खेळाडूंनीच बनवलेली फाइल, कुठून घ्यावा असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारतो: मॉड बनवणारा उद्या रागावून निघून गेला, तर तुमच्या हातात काय उरेल? वेग आणि जाहिराती हे विषय माझ्या लेखी त्यानंतरचे. गेमफ्रंट ही गेमच्या फाइली आणि मॉड ठेवणारी साइट एप्रिल २०१६ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा तिथल्या जुन्या फाइली वाचवायला लोकांची धावपळ उडाली होती. पुढे ती साइट पुन्हा सुरू झाली, पण दर वेळी असं होईलच याची खात्री कोण देणार?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला मॉडचा विभाग, स्टीम वर्कशॉप, २०११ साली आला. सबस्क्राइब दाबलं की मॉड गेममध्ये हजर. नवख्या खेळाडूसाठी याहून सोपी वाट मला माहीत नाही. पण मॉडरने, म्हणजे मॉड बनवणाऱ्याने, नवी आवृत्ती चढवली की तीही तशीच आपोआप उतरते, आणि जुनीच ठेवायची मुभा खेळाडूला सहसा नसते. स्कायरिमसारख्या गेममध्ये मॉडच्या स्क्रिप्ट (छोट्या आज्ञावल्या) सेव्हमध्ये, म्हणजे जतन केलेल्या खेळात, मुरलेल्या असतात. मध्येच त्या बदलल्या तर शंभर तासांचा खेळ बिघडू शकतो. शिवाय तोच गेम दुसऱ्या दुकानातून घेतलेल्यांना वर्कशॉपचं दार बहुधा बंदच असतं. हे मला आजही खटकतं, कारण मॉड बनवणाऱ्याने तो सगळ्यांसाठी बनवलेला असतो.

२००१ पासून चालत आलेल्या नेक्सस मॉड्स या साइटवर फुकट डाउनलोड करणाऱ्यांना वेगाची मर्यादा आहे आणि मोठे टेक्स्चर पॅक (गेममधली चित्रं बदलणारे मॉड) उतरवताना ती चांगलीच जाणवते. तरीही जुन्या आवृत्त्या तिथे बऱ्याचदा मिळतात, आणि कधी काय अपडेट करायचं ते आपण ठरवतो. जुलै २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की यापुढे मॉडरला आपली फाइल कायमची पुसता येणार नाही. ती अर्काइव्हमध्ये जाईल, म्हणजे तिच्यावर आधारलेले मॉडचे संच मोडणार नाहीत. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांना सगळं काढून घ्यायला सुमारे महिनाभराची मुदत होती, आणि अनेक नामवंत मॉडर खरोखरच निघून गेले. खेळाडू म्हणून मला तो निर्णय पटतो. एक मॉड गायब झाला की त्याच्यावर उभे असलेले दहा कोसळतात, हे मी पाहिलं आहे. पण ज्यांनी जुन्या नियमांवर भरवसा ठेवून वर्षानुवर्षं काम चढवलं, त्यांच्यासाठी नियम मागाहून बदलला, हे योग्य झालं असं मी म्हणणार नाही. नव्या अपलोडपासून तो लागू करता आला असता.

माइनक्राफ्टवाल्यांची चिंता वेगळी. जावा आवृत्तीचा मॉड हा पूर्ण प्रोग्राम असतो. तो तुमच्या संगणकावर काहीही करू शकतो. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवरच्या काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस सापडला. तो लॉगिनची माहिती चोरायचा आणि संगणकावरच्या इतर जार फाइलींमध्येही (जावा प्रोग्रामच्या फाइली) शिरायचा. त्याचा छडा लावण्यात मॉड बनवणाऱ्या स्वयंसेवकांनीच मोठी मेहनत घेतली. मॉडरिंथ हे मॉडचं दुसरं ठिकाण त्यामानाने नवं आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून मला ते जवळचं वाटतं. मात्र जुन्या माइनक्राफ्टचे मॉड हवे असतील तर बहुतेकदा कर्सफोर्जकडेच वळावं लागतं.

मॉड डॉट आयओ ही मॉडची सेवा गेमच्या आतच बसवता येते, त्यामुळे कन्सोलवाल्यांनाही मॉड मिळतात. अर्थात गेमच्या कंपनीने परवानगी दिली तरच.

इथे मॉड बनवणारे बसले असतील तर त्यांना एक विनंती. फाइलसोबत दोन ओळी लिहून ठेवा: मी दिसेनासा झालो तर हा मॉड पुन्हा चढवायला, दुरुस्त करायला कुणाची हरकत नसावी. आणि ते मान्य नसेल, तर तसंही स्पष्ट लिहा.