करंट आहे का, पेट्रोल आहे का

(पडद्यावर: नाशिकच्या कॉलेज रोडवरचा बंगला. पत्र्याच्या शेडखाली पद्मिनी. सेल्फचा आवाज.)

ऐका हा सेल्फ. इंजिन चांगलं फिरतंय, बॅटरीही नवी आहे. गाडी मात्र धरत नाही.

बंगला पुनर्विकासाला गेलाय. सामान हललं, कुंड्यासुद्धा गेल्या. उरली ती ऐंशीच्या दशकातली ही प्रीमियर पद्मिनी. काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, तेव्हा नंबर लावून, वाट बघून घेतलेली. काका आता नाहीत. भंगारवाला फाटकाशी येऊन भाव सांगून जातो, आणि काकू त्याला दरवेळी चहा देऊन परत पाठवतात.

गाडी सुरू करायचा एक प्रयत्न आधीच झालाय. शहरातल्या एका गॅरेजने नवी कॉइल घातली, नवे प्लग घातले, कार्बोरेटरला किट टाकलं, बॅटरी बदलली. बिल हातात ठेवलं आणि म्हणाले, आता मोडीतच काढा.

(मिस्त्री बोनेट उघडतात.)

हे मिस्त्री भद्रकालीतले. फियाटवरच, म्हणजे या गाड्यांवरच, हात बसलेला. बघा, अजून पाना काढलेला नाही. आधी विचारताहेत, "वहिनी, शेवटी चालत होती तेव्हा कशी बंद पडायची? झटक्यात, का खोकत खोकत?"

काकू म्हणतात, "झटक्यात. तापली की बंद. तासभर उभी केली की परत चालू. हे म्हणायचे, तिला विश्रांती लागते."

मिस्त्री हसले, कारण अर्धं निदान इथेच झालं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी सहसा आचके देत मरते. झटक्यात मेली की संशय करंटवर. एवढा माल बदलण्याआधी हा फुकटचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

(क्लोजअप: कॉइलची जाड वायर, इंजिनपासून किंचित दूर धरलेली.)

मिस्त्री हाताखालच्या पोराला सांगतात, "बारक्या, मार सेल्फ."

आता नीट बघा, कॅमेरा यासाठीच इतका जवळ नेलाय. ठिणगी पडतेय, पण पिवळट आणि बारीक, मध्येच गळणारी. निरोगी ठिणगी निळी असते आणि तिचा चटचट आवाज ऐकू येतो. इथे आवाजच नाही. कॉइल तर नवी आहे. मग करंट अडतोय कुठे?

डेल्कोत. बाकीचं जग याला डिस्ट्रिब्युटर म्हणतं, प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डबा. झाकणाला दोन क्लिपा. त्या काढल्या, रोटर उचलला, की खाली दिसतात पॉइंट. इवल्याशा दोन टिकल्या. त्या चिकटलेल्या असतात तोवर बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलमधून वाहतो. आतला कॅम फिरून त्यांना वेगळं करतो, करंट तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. ती प्लगची ठिणगी. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोनदा हा खेळ होतो. एकही चिप नाही, एकही सेन्सर नाही. बिघाड झाला तर डोळ्यांना दिसतो, आणि ज्याला दिसतो त्याला दुरुस्त करता येतो.

(पॉइंटचा क्लोजअप.)

हा बघा. टिकल्यांवर राखाडी साय चढलीय आणि एका बाजूला खड्डा पडलाय. साय गाडी उभी राहून आली. खड्डा मात्र कंडेन्सरचा पुरावा आहे. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू नये म्हणून शेजारी हा करंगळीएवढा डबा असतो. तो कमजोर झाला की ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवर पडते आणि त्यांनाच जाळते. तापल्यावर दगा देणं ही तर त्याची जुनी खोड. काकांची विश्रांती ती हीच.

या इंजिनाची वंशावळ सांगायला हवी. १०८९ सीसीचं इंजिन, मूळ इटलीच्या फियाट ११०० चं. भारतात ती बनवली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. १९६४ साली तिचं नाव होतं फियाट ११०० डिलाइट. सत्तरच्या दशकात ती आधी प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. कंपनी १९४४ मध्ये काढली वालचंद हिराचंदांनी. सोलापूरचा माणूस, पण नाशिककरांनी त्यांना परकं समजू नये. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव त्यांनीच उभं केलं, आधी साखर आणि मग गोळ्या-चॉकलेटं. बंगळुरूचा विमान कारखानाही १९४० मध्ये त्यांनीच सुरू केला. त्यातून पुढे एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, झालं, आणि एचएएलची विमानं आज आपल्या ओझरला बनतात. म्हणजे रावळगावची गोळी, ओझरचं विमान आणि शेडमधली ही गाडी, तिघांचं कूळ एकच निघालं.

मुंबईत ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली.

(पुन्हा डेल्को.)

पॉइंट घासताना मिस्त्री बारीक पेपर वापरतात, कानस नाही. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून बारक्या ती मागून हळूहळू ढकलतो. गाडीबरोबर इंजिन फिरतं, आणि पॉइंट पूर्ण उघडले की मिस्त्री ओरडतात, "बस!" आता फट मोजायला फिलर गेजची पत्ती. साधारण ०.४ मिलिमीटर. पत्ती अडकता कामा नये आणि सुटताही कामा नये, नुसती घासली पाहिजे. हे मापापेक्षा बोटांना जास्त कळतं. नवा कंडेन्सर, एक स्क्रू, एक वायर.

"मार."

(निवेदन नाही. निळी ठिणगी, तिचा आवाज.)

करंट आला. आता सेल्फ मारल्यावर कार्बोरेटरमधून उलटा फटाका वाजला. मिस्त्री प्लगच्या वायरींवरून बोट फिरवतात. १-३-४-२, हा या इंजिनात ठिणगी पडायचा क्रम. आधीच्या गॅरेजने प्लग बदलताना दोन आणि तीनच्या वायरी एकमेकींच्या जागी खोवल्या होत्या. म्हणजे नव्या मालासोबत एक नवा बिघाडही बसवून दिला होता, मोफत.

राहिलं पेट्रोल. टाकी आधीच धुऊन घेतलीय. आतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास यायला लागला होता. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपातला रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा, बघा, कडक होऊन कडेला चिरलाय. आज पेट्रोल पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं, आणि त्या काळचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. नवा डायफ्रॅम बाजारातून येईस्तोवर मिस्त्रींनी बोनेटच्या कडीला पेट्रोलची बाटली उलटी टांगली, नळी थेट कार्बोरेटरला. सलाइनच म्हणा. शेजारी वाळूची बादली ठेवलीय, तीही दाखवतोय, कारण घरी कुणी हे करून बघू नये.

चोक ओढला.

(इंजिन सुरू होतं. धूर. काकूंचा चेहरा. निवेदन नाही.)

नोंदणीची मुदत संपलेली, त्यामुळे रस्त्यावर न्यायचा प्रश्नच नव्हता. नवा डायफ्रॅम बसला आणि पद्मिनी शेडमधून स्वतःच्या इंजिनावर निघाली, ती थेट टोइंगच्या गाडीची फळी चढून वर. बारक्या बाजूने पळतोय, चाकांना लावायला त्याच्या हातात विटा.

आता ती सातपूरला पुतण्याच्या शेडमध्ये आहे. बंगला पाडला. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क आता १०,००० रुपये झालंय. ते भरण्याआधी ब्रेक आणि टायर व्हायचेत. ब्रेकसाठी मिस्त्रींनी रविवार दिलाय, आणि पॉइंट उघडायला या वेळी बारक्याला सांगितलंय.