‘इथं पाडू नगा’

तळहातावर आडवा नारळ घेऊन लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्याच्या या रानात अनवाणी चाललेत ते आबा. धंद्यानं शेतकरी, गावाच्या लेखी पाणाड्या. नारळ हातावर आपोआप उभा राहिला की खाली पाणी, असा समज. कुणी नारळाऐवजी कडुलिंबाची बेचकी धरतं, कुणी लोखंडी सळ्या.

खरं सांगायचं तर नारळाला पाणी कळत नाही. शास्त्रीय चाचण्यांत ही विद्या टिकलेली नाही. पण नारळ हाती घेण्याआधी आबा काय करतात, ते बघण्यासारखं आहे. बांधावरचा उंबर, वारुळाची जागा, ओढ्याचा उतार, शेजाऱ्याच्या विहिरीत मुरूम किती खोलवर लागला याची चौकशी. ढेकूळ फोडून बोटांत चुरतात, वास घेतात. झाडं आणि वारुळं या पाण्याच्या खुणा म्हणून वराहमिहिरानं सहाव्या शतकातच ‘बृहत्संहिते’त नोंदवल्यात. आबांनी ती पोथी पाहिलेली नाही. ते वडिलांच्या मागं हिंडून शिकले.

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे, लाव्हाचे थरावर थर. अखंड खडकात पाणी साठत नाही. ते सापडतं मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. भेग हुकली की बोअर कोरडा, मग बोअर पाडणारी गाडी कितीही खाली जाऊ द्या. विहीर किंवा बोअर 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या पुढं गेली की 2009 चा भूजल कायदा तिला ‘खोल विहीर’ म्हणतो. इथं तेवढ्यावर गाडी थांबवतो कोण? 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते याच लातूर शहराला.

गाडीचं बिल फुटावर चढतं, त्यामुळं जागा दाखवणारे पुष्कळ. आबांची ख्याती मात्र नाही म्हणण्याची. आजही अर्धं रान फिरून त्यांनी नारळ पिशवीत टाकला.

“आबा, कुठं तर दावा की.”

“दावायला काय, दावतो. पैसं तुझं जातेत. इथं पाडू नगा.”

“मग काय करू?”

“हिरीत दोन परस गाळ बसलाय, तो काढ आधी.”

दक्षिणेची नोट त्यांनी शेतकऱ्याच्या खिशात परत कोंबली. त्याला हे पटलेलं दिसत नाही. मेव्हण्याच्या ओळखीतला दुसरा पाणाड्या आहे म्हणे. गाडीवाल्याचा नंबरही त्यानं काढून ठेवलाय.