पर्च, ढीग आणि पातळी: आयर्लंडच्या खेड्यांतले रस्ते, पूल आणि कालवे

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये गावोगाव रस्ते, पूल आणि कालवे कसे झाले, हा आजचा विषय. तिन्हींना सारखा वेळ द्यायचा असं ठरलंय, बघूया कसं जमतंय. मुद्दा मात्र एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक कामात ज्या मापानं पैसे दिले जातात, तेच माप पदरात पडतं. लांबीवर पैसे दिले की लांबी मिळते, ढिगावर दिले की ढीग मिळतो. रस्ता मिळेलच असं नाही.

सुरुवात लांबीपासून. आयर्लंडमध्ये पूर्वी गावकऱ्यांवर वर्षातले सहा दिवस रस्त्यावर फुकट राबायची सक्ती होती. १७६० च्या दशकात ती मोडीत निघाली आणि तिच्या जागी जमिनीवरचा कर आला, काउंटी सेस. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. त्यातून कोणतं काम करायचं हे ग्रँड ज्यूरी ठरवायची. ग्रँड ज्यूरी म्हणजे शेरीफनं निवडलेले जास्तीत जास्त २३ जण, बहुतेक जमीनदार. त्यांचं मूळ काम फौजदारी खटले उभे राहावेत की नाही हे ठरवायचं. वर्षातून दोनदा न्यायाधीश काउंटीच्या मुख्य गावी आले की ज्यूरी बसायची, आणि खटले उरकले की रस्त्यांचे अर्ज निघायचे. आता सेस भरायचा कोणी? कसणाऱ्या कुळानं. मंजूर करणारा जमीनदार आणि भरणारं कूळ, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्जाची पद्धत फार मोलाची आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. १७७० च्या दशकात ऑर्थर यंग नावाच्या इंग्रज शेतीतज्ज्ञानं आयर्लंडभर हिंडून ती नोंदवली आणि पुढची तीसचाळीस वर्षं ती थोड्याफार फरकानं चालू राहिली. तुम्हाला रस्ता करायचाय, तर दोन माणसांकडून तो मोजून घ्या. माप पर्चमध्ये. आयरिश पर्च २१ फुटांचा, असे ३२० पर्च म्हणजे आयरिश मैल, २२४० यार्डांचा. इंग्रजी मैल १७६० यार्डांचा, म्हणजे ११ आयरिश मैल चाललात की १४ इंग्रजी मैल होतात. जुने आयरिश नकाशे वाचणाऱ्यांनी हा फरक सांभाळावा, अंतरं चुकतात ती इथेच. मापाड्यांनी मोजणी खरी असल्याची शपथ मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायची. मग छापील फॉर्म भरायचा. हे फॉर्म विकत मिळत. रस्ता अमुक बाजारगावाहून तमुक बाजारगावाला जातो, लोकांच्या सोयीचा आहे, पर्चला इतका खर्च येईल, एवढं त्यात लिहायचं. खाली दोन ओव्हरसियरच्या सह्या. त्यांतला एक बहुधा खुद्द अर्जदार, आणि दुसरा त्यानंच कामावर ठेवायचा ठरवलेला मुकादम!

अर्ज ज्यूरीच्या एखाद्या सभासदाकडे दिला की अध्यक्ष वाचून दाखवायचे आणि मत पडायचं. नामंजूर अर्ज तिथल्या तिथे फाडून टाकायचे, मंजूर अर्ज फाइलला लावायचे. मंजुरी मिळाली की काम आधी स्वतःच्या पैशानं करायचं, पुढच्या बैठकीपर्यंत संपवायचं, खर्च झाल्याचा दाखला द्यायचा आणि खजिनदाराकडून पैसे घ्यायचे. दोन काउंट्यांच्या हद्दीवर नदी असेल तर अर्धा पूल एका काउंटीनं बांधायचा, अर्धा दुसरीनं.

ही पद्धत अगदीच टाकाऊ होती असं मला वाटत नाही. काम झाल्याशिवाय पैसे नाहीत, हा तिचा खरा गुण. यंगनं आयर्लंडच्या रस्त्यांची मनापासून तारीफ केली आहे. १८१५ मध्ये चार्ल्स बियान्कोनीनं क्लॉनमेल ते केहिर अशी घोडागाडीची प्रवासी सेवा सुरू केली आणि पुढे ती देशभर पसरली, तीही असल्याच रस्त्यांवर.

पण खोट मापातच होती. दर पर्चचा, म्हणजे लांबीचा. खडीचा थर चार इंच की दहा इंच, बाजूचं गटार खोल की नुसती रेघ, मोरी पाण्याच्या वाटेवर बसवली की सोयीच्या जागी, हे शपथेत कुठेच येत नाही. बैठक जवळ आली की नदीतले गोल गोटे आणून पसरायचे. गोल गोटा गोट्यात अडकत नाही, चाकाखालून निसटतो आणि दोन पावसाळी महिन्यांत कडेला जाऊन बसतो. मग दुरुस्तीचा नवा अर्ज, त्याच पर्चवर. शिवाय अर्जदार जमीनदार असला की रस्ता हमखास त्याच्या वाड्याच्या फाटकावरून जायचा. मजूर त्याचीच कुळं, आणि मजुरी बाकी खंडात वळती व्हायची. म्हणजे कूळ सेसही भरायचं आणि राबायचंही.

सुधारणा व्हायला वेळ लागला. १८१७ च्या कायद्यात तांत्रिक तपासणीची कल्पना आली. १८३१ मध्ये डब्लिनला बोर्ड ऑफ वर्क्स स्थापन झालं. १८३३ च्या कायद्यानुसार १८३४ पासून परीक्षा घेऊन काउंटी सर्व्हेयर नेमले गेले, आणि १८३६ मध्ये सगळे नियम एकत्र बांधले गेले. आता बॅरनीच्या, म्हणजे काउंटीच्या पोटविभागाच्या, पातळीवर सभा, तिथे सेस भरणारेही काही जण बसणार, मोहरबंद निविदा येणार, आणि सर्व्हेयरच्या दाखल्याशिवाय बिल निघणार नाही. ग्रँड ज्यूरीच्या हातून रस्ते पुरते सुटले ते मात्र १८९८ च्या कायद्यानं, निवडून आलेली काउंटी कौन्सिलं आल्यावर.

आता ढीग. स्कॉटिश रस्तेतज्ज्ञ मॅकॅडमची फोडलेल्या खडीची रीत तुम्हाला माहीत आहे, फक्त आकडे सांगतो. जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि कोरडी ठेवायची. वर फोडलेल्या खडीचे थर, एकूण दहा इंचांपर्यंत. एकही दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको. माती मिसळायची नाही, कारण मातीत पाणी राहतं, थंडीत गोठून फुगतं आणि रस्ता उचलला जातो. कोनदार खडी रहदारीखाली आपोआप एकमेकींत घट्ट बसते. यात सगळ्यात जास्त हात लागतात ते खडी फोडायला, आणि त्या कामाला कारागिरी लागत नाही. एक हातोडी आणि एक उपाशी माणूस पुरतो. तेव्हा १८४६ चं सांगायलाच हवं. इथे वेळ जाणार आहे, आणि तो जावा असंच मला वाटतं.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, १८४६ मध्ये जवळपास सगळं पीक गेलं. आधीच्या सरकारच्या दुष्काळी कामांत निम्मी रक्कम अनुदान असायची. ऑगस्ट १८४६ च्या नव्या कायद्यानं संपूर्ण खर्च कर्ज म्हणून स्थानिक करदात्यांवर टाकला. ट्रेझरीत, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्यात, सूत्रं चार्ल्स ट्रेव्हेलियनकडे होती. तरुणपणी हिंदुस्थानात नोकरी केलेला आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झालेला तोच हा ट्रेव्हेलियन. कामातून कोणाचा खाजगी फायदा होता कामा नये, असा नियम होता. शेताचा निचरा केला तर जमीनमालकाचा फायदा होतो, म्हणून तो सुरुवातीला बंद. ऑक्टोबरात त्यात थोडी सूट मिळाली, पण तिचा लाभ फारसा कोणी घेतला नाही. मग उरलं काय? रस्ते, आणि तेही जिथे गरज आहे तिथे नव्हे, तर जिथे उपाशी माणसं आहेत तिथे.

ऑक्टोबर १८४६ मध्ये या कामांवर सव्वा लाखाच्या आत माणसं होती, मार्च १८४७ मध्ये सात लाखांच्या वर. मदत समितीनं यादी करायची, नावावर तिकीट द्यायचं, तिकीट असेल त्यालाच काम. मजुरी अंगावरच्या कामानं, म्हणजे फोडलेल्या खडीच्या किंवा उपसलेल्या मातीच्या मापानं. धडधाकट माणूस दिवसाला शिलिंगापेक्षा जास्त मिळवायचा. पण महिनाभर अर्धपोटी राहिलेला माणूस चारपाच पेन्सांवर यायचा, आणि जितका अशक्त तितकी मजुरी कमी.

साधारण ८ ते १० पेन्स मजुरी धरा. शिलिंग १२ पेन्सांचा, म्हणजे १० पेन्सांनी सहा दिवसांचे ५ शिलिंग झाले. त्या हिवाळ्यात मक्याचं पीठ स्टोनला, म्हणजे १४ पौंडांना, अडीच शिलिंगांच्या आसपास गेलं होतं. आठवड्याची सगळी मजुरी पिठावर घातली तरी २८ पौंड. घरात सहा माणसं असतील तर माणशी दिवसाला पाऊण पौंडसुद्धा नाही, जेमतेम ३०० ग्रॅम. हाच मजूर चांगल्या वर्षी दिवसाला बारा-चौदा पौंड बटाटे खायचा. वर मजुरी वेळेवर नाही, कारण वाटणारे कारकून कमी आणि चांदीची सुटी नाणी खेड्यात पोचत नव्हती. हातोड्या आणि ढकलगाड्यांचीही टंचाई होती. बायका आणि मुलं कडाक्याच्या थंडीत खडी फोडत बसली होती.

आपल्याकडे १९७२ मध्ये खडी फोडलेली पिढी अजून आहे, तिला यातलं काही वेगळं समजावायला नको. त्याआधी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात सर रिचर्ड टेंपलच्या सूत्रानं मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इथवर खाली आणली. मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. काम हीच भुकेची परीक्षा, हा विचार दोन्हीकडे एकच.

आता याकडे रस्त्याचं काम म्हणून बघा. खरा क्रम असा असतो: आखणी, गटारं, मातीकाम, मोऱ्या आणि पूल, शेवटी खडी. इथे क्रम उलटा झाला. मोरीला गवंडी लागतो, चुना लागतो, कमानीसाठी लाकडी सेंट्रिंग लागतं, म्हणजे पैसा कुशल हातांकडे आणि सामानाकडे जातो. तो तर मजुरीत जायला हवा होता. म्हणून चढ कापणं, खोलगट भाग भरणं आणि खडी फोडणं, एवढंच सगळीकडे एकदम सुरू झालं. चढ कापायचा तर पहिली कुदळ जुन्या, घट्ट बसलेल्या पृष्ठभागावर पडते. २० मार्च १८४७ पासून २० टक्के मजूर कमी करायचा हुकूम आला, मग पुढची कपात, आणि सूप किचनं सुरू झाली. पण चालू रस्ते खणलेले, भराव अर्धवट, पाणी अडलेलं आणि कडेला खडीचे ढीग. डोंगरात जाऊन मध्येच संपणारे ते दुष्काळी रस्ते पश्चिम आयर्लंडमध्ये आजही दाखवतात.

आणि हे टाळता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये! १८२२ च्या टंचाईत सरकारनं इंजिनिअर आधी पाठवले होते. पश्चिमेला अलेक्झांडर निमो, दक्षिणेला रिचर्ड ग्रिफिथ. दोघांनीही त्याआधी १८०९ ते १८१४ या काळात बॉग कमिशनसाठी आयर्लंडमधल्या दलदली मोजलेल्या. कॉर्क, केरी आणि लिमरिकच्या सीमेवरचे जुने रस्ते सरळ टेकडीवर चढायचे. ग्रिफिथनं सौम्य चढाच्या नव्या रेषा आखल्या, मग मजूर लावले. आखणी आधी असल्यामुळे तिथली मजुरी रस्त्यात उतरली.

घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय, तेव्हा पूल आणि कालवे भरभर घेतो.

ग्रिफिथचाच लिस्टोवेलचा पाच कमानींचा दगडी पूल १८२९ चा. अशा पुलांत वरची कमान क्वचितच दगा देते, दगा पायात होतो. पुरात कमानींचं तोंड अपुरं पडलं की पाणी तुंबतं, वेग वाढतो, खांबाच्या बुडाची वाळू वाहून जाते आणि खांब बसतो. दुसरा दोष म्हणजे सेंट्रिंग लवकर काढणं. थंड, दमट हवेत चुना महिनोन्महिने कच्चाच राहतो. आणि हद्दीवरच्या अर्ध्याअर्ध्या पुलाचा मधला खांब कोणत्या काउंटीनं राखायचा, हा प्रश्न होताच.

दलदलीतला रस्ता. पीट म्हणजे शेवाळाचा अर्धकुजका थर, त्यात शेकडा नव्वद पाणी. दोन्ही बाजूंना चर खणून पाणी काढायचं, पृष्ठभाग खाली बसेपर्यंत थांबायचं, मग माती आणि वाळूगोट्यांचा थर, वर खडी. मॅकॅडमला तर कठीण खडकापेक्षा असली मऊ जमीन पसंत होती, फक्त माणूस चालेल इतकी घट्ट हवी. लोकांनी दोन्ही बाजूंचं पीट जळणासाठी कापत नेलं की मात्र रस्ता उंच वरंब्यावर एकटा राहतो, कडेनं चिरतो आणि लाटांसारखा वरखाली होतो.

कालव्याचंही तेच, फक्त दोष महाग पडतो. ग्रँड कॅनॉलचं काम १७५६ मध्ये सुरू झालं, १८०४ मध्ये तो शॅनन नदीला मिळाला. मधे अॅलनची दलदल. १७७३ मध्ये आलेल्या जॉन स्मीटननं सल्ला दिला की दलदलीत खोल जाऊ नका, पृष्ठभागाच्या पातळीवरच कालवा ठेवा. पण बाजूच्या चरांनी पाणी काढल्यावर आजूबाजूची दलदलच खाली बसली आणि कालवा उंच बांधावर राहिला. ज्या पातळीवरून मोजलं, ती पातळीच हलली. एडनडेरीजवळ हा बांध पुनःपुन्हा फुटला, अगदी १९८९ मध्येसुद्धा.

काँग गावचा कालवा १८४८ मध्ये मास्क आणि कॉरिब तलाव जोडायला सुरू झाला. खाली भेगाळ चुनखडक, मास्कचं पाणी तसंही जमिनीखालूनच काँगला जातं. उद्घाटनाच्या दिवशी पाणी गुडुप झालं ही गोष्ट रंगवून सांगतात, ती सोडून द्या. खर्च वाढत होता, रेल्वे आली होती, म्हणून १८५४ मध्ये बोटींसाठीचं काम थांबवायचा हुकूम निघाला आणि फक्त निचऱ्याचं काम ठेवलं. लॉकच्या, म्हणजे बोटी वरखाली नेण्यासाठीच्या दरवाजांच्या हौदाच्या, घडीव दगडी भिंती उभ्या आहेत. हिवाळ्यात तिथे पाणी असतं, उन्हाळ्यात कोरडं.

शेवटचं, बॅलिनामोर-बॅलिकॉनेल. शॅनन आणि अर्न या नद्या जोडणारा कालवा, १८४६ ते १८६०, खर्च सव्वादोन लाख पौंडांच्या वर. एकाच पात्रातून निचराही करायचा होता आणि बोटीही न्यायच्या होत्या. निचऱ्याला पाणी खाली हवं, बोटीला वर. दोन कामांची पातळी एकच कशी धरणार? १८६९ पर्यंत त्यातून जेमतेम आठ बोटी गेल्या, मग तो पडून राहिला. १९९४ मध्ये पर्यटनासाठी तो पुन्हा बांधून खुला केला आणि आता बोटी चालतात. लॉकची यंत्रणा आणि निचऱ्याशी बसवलेला मेळ यांबद्दल प्रश्न असतील तर आत्ता घेऊ.