तेल आतड्यात कुठवर पोहोचतं?

नमस्कार. जनावरांच्या आतड्यातला दाह, म्हणजे आतली सूज, कमी करायला वनस्पतींची सुगंधी तेलं द्यावीत का, याबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. एक म्हणतं, निसर्गाचंच आहे, द्या बिनधास्त. दुसरं म्हणतं, हे सगळं थोतांड. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघांनीही एक साधा प्रश्न सोडून दिलेला असतो: जिथे दाह आहे तिथवर तेल पोहोचतं का, आणि किती पोहोचतं?

हा विषय एवढा पुढे आला त्याला कारण आहे. वाढ चांगली व्हावी म्हणून जनावरांच्या खाद्यात थोडं थोडं प्रतिजैविक मिसळायची पद्धत होती. स्वीडनने ती 1986 मध्ये बंद केली, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. पुढे 2022 च्या जूनमध्ये तिथे डुकरांच्या पिल्लांना हगवणीसाठी औषधी मात्रेत झिंक ऑक्साइड देणंही थांबलं. पिल्लांची हगवण मात्र थांबली नव्हती. त्यामुळे पर्यायांचा शोध वाढला आणि ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रोल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीच्या सालीतलं सिनामाल्डिहाइड ही नावं पशुखाद्याच्या चर्चेत आली.

दूध तोडलेल्या पिल्लाच्या आतड्यात काय घडतं ते जरा जवळून पाहू. डुकराचं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की त्याला आईपासून वेगळं करतात. दूध एकदम बंद, खाद्य नवं, शेजारी अनोळखी पिल्लं. ते धड खात नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे उंच रसांकुर असतात. काही दिवसांतच ते आखूड आणि बोथट होतात. अस्तराच्या दोन पेशींना घट्ट जोडून ठेवणारी प्रथिनं असतात, ऑक्लुडिन, क्लॉडिन, झेडओ-1. ती बांधणी सैल पडते. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे त्या फटींतून आत शिरतात, प्रतिकार पेशी सावध होतात आणि टीएनएफ-अल्फासारखे दाह वाढवणारे रेणू सोडतात. खरी मेख पुढे आहे: हेच टीएनएफ-अल्फा पेशींमधली बांधणी आणखी सैल करतं. म्हणजे गळतीने दाह, दाहाने गळती.

हे चक्र तेल तोडू शकतं का? पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी बांधून ठेवलेलं असतं. धोक्याचा इशारा मिळाला की ते सुटतं, पेशीकेंद्रात जातं आणि दाहाची जनुकं चालू करतं. थायमॉल, कार्व्हाक्रोल, सिनामाल्डिहाइड हे सुटणं कमी करतात, असं पेशींवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. उंदरांना पिण्याच्या पाण्यातून डीएसएस हे रसायन देऊन मोठ्या आतड्याचा दाह घडवून आणतात. वजन घटतं, विष्ठेत रक्त दिसतं, मोठं आतडं आखडतं. थायमॉल किंवा सिनामाल्डिहाइड दिल्यावर हे नुकसान कमी झाल्याचे प्रयोग आहेत. मला हे पुरावे महत्त्वाचे वाटतात.

पण उंदराचा निष्कर्ष उचलून थेट डुकराला लावता येत नाही. डुकराच्या पिल्लांना थायमॉल किंवा कार्व्हाक्रोल नुसतं खाद्यात मिसळून दिलं, तर त्यातलं बहुतेक जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं. यकृत त्याला सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. मोठ्या आतड्याच्या वाट्याला फार थोडं उरतं. शिवाय तेल उडून जाणारं. खाद्याच्या गोळ्या करताना उष्णतेने काही तिथेच जातं. म्हणून मेदाच्या किंवा अल्जिनेटच्या आवरणात बंद करून ते खाली सोडण्याची धडपड चालू आहे. माझ्या मते कुठलं तेल यापेक्षा कोणतं आवरण, हा आज जास्त कामाचा प्रश्न आहे.

आणखी एक गुंता. ही तेलं जिवाणूंचं पटल मोडतात. मग कोंबडीच्या आतड्यातला दाह कमी झाला तो तेलाने दाह शमवला म्हणून, की क्लॉस्ट्रिडियम हे आतड्यात रोग करणारे जिवाणू घटले म्हणून? मोठ्या मात्रेत तर हेच तेल आतड्याच्या स्वतःच्या पेशींनाही इजा करतं. हे वेगळं करायची एक चांगली युक्ती म्हणजे जिवंत जिवाणू न देता त्यांच्या भिंतीतला पदार्थ टोचायचा आणि तेल दिलेल्या प्राण्यात दाह कमी होतो का ते बघायचं. असा प्रयोग नसेल तर ‘दाहशामक’ हा शब्द मी जपून वापरतो. निरोगी, स्वच्छ कळपात तेलाने फारसा फरक दिसला नाही तर त्यात नवलही नाही. शमवायला दाहच नसतो.

शेवटी मांजरांबद्दल, कारण हा प्रश्न नेहमी येतो. ज्या ग्लुकुरोनिक आम्लाच्या जोडणीबद्दल बोललो, ती मांजराच्या यकृतात फार कमजोर आहे. थायमॉल, कार्व्हाक्रोल, युजेनॉल यांच्यासारखे फिनॉल गटातले पदार्थ त्याला लवकर निचरता येत नाहीत. टी-ट्री तेलाने मांजरं आणि कुत्री सुस्त होतात, लडखडतात, हेही नोंदलेलं आहे. पोट बिघडलं म्हणून बाटलीतलं तेल मांजराला तोंडाने देऊ नका आणि अंगालाही चोळू नका. मांजर अंग चाटून साफ करतं, त्यामुळे अंगावरचं तेलही पोटातच जातं.