हाताची जुनी खोड

जुहूचा विमानतळ. १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटांचं विमान इथंच उतरलं. आता इथं राज्य पात्यांचं. समुद्रात सुमारे १६० किलोमीटर आत, बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे हेलिकॉप्टरं इथूनच जातात.

जवळच सांताक्रूझ. तिथून रोज विमान नेणारा पायलट इथं आणून बसवला, तर आधी खुर्चीच चुकते. विमानात कॅप्टन डावीकडे, हेलिकॉप्टरमध्ये बहुधा उजवीकडे. ही चूक हसण्यावारी जाते.

भोंग्याचं तसं नाही.

विमानात भोंगा वाजला, म्हणजे स्टॉल, पंखांची उचल तुटण्याचा क्षण, जवळ आला. हात आपसूक दांडी पुढं ढकलतो. हजारो तासांची सवय! हेलिकॉप्टरमध्ये तोच भोंगा रोटरचे, म्हणजे डोक्यावरच्या पात्यांचे, फेरे घटल्याचं सांगतो. इथं डाव्या हातातली कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारी दांडी, खाली न्यायची, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढवायचा. इंजिन बंद पडलं, तर छोट्या रॉबिन्सन हेलिकॉप्टरमध्ये हाताशी जेमतेम एक-दीड सेकंद. त्याऐवजी उजव्या हातातली सायक्लिक, म्हणजे पुढं-मागं कलवणारी दांडी, पुढं रेटली, तर रोटरवरचा भार उतरतो आणि रोटरचं डोकं मास्टवर, म्हणजे त्याला पेलणाऱ्या दांड्यावर, आदळू शकतं. विमानाच्या पायलटांसाठी रॉबिन्सन कंपनीनं वेगळी सुरक्षा-सूचनाच काढली आहे.

ही खोड आकाशात मोडायची कशी? कोणता प्रशिक्षक मुद्दाम तिथवर नेईल?

म्हणून डोळ्यांवर हेडसेट, खाली डुलणारा मंच. २०२१ मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनं रॉबिन्सनच्या आर-२२ हेलिकॉप्टरच्या अशा स्विस सिम्युलेटरला, म्हणजे जमिनीवरच्या सराव-यंत्राला, मान्यता दिली. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीवरचा हा पहिलाच.

खरी गंमत हॉव्हर, म्हणजे हवेत एकाच जागी तरंगणं, शिकताना. सपाट पडद्यावर जमीन किती खाली आहे, ते नीट उमगत नाही. इथं दोन्ही डोळ्यांना वेगळं चित्र. मान वाकवून पायापाशी पाहिलं, की खोली जाणवते. मात्र मान वळली आणि चित्र जरा जरी मागं रेंगाळलं, तर पोटात ढवळतं. वडापाव नंतर खावा.

समजा, असं यंत्र जुहूला बसलं. आपला पायलट आत बसलाय. भोंगा. उजवा हात पुढं. क्षितिज तिरपं होतं, चित्र थिजतं.

“परत घेऊ, सर.”

भोंगा. पुन्हा उजवाच हात.

“परत.”

या वेळी डावा हात आधी खाली जातो. उजव्या हाताची बोटं मात्र सायक्लिकवर अजून आवळलेली, पांढरीफटक.